मिटणारे पंख आणि वाडीची गाठ

आमच्या आईचा घरात एकच कायदा होता. ज्या वस्तूची घडी होते ती घरात, जिची होत नाही ती बाहेर. गोधड्या, चटया, पोती, धुतलेली धोतरं, जेवणाला कापून आणलेली केळीची पानं, अगदी दुकानातून सामानाबरोबर आलेला कागदसुद्धा चौपदरी होऊन आपापल्या जागी बसायचा. घरात खुर्च्या दोनच होत्या आणि त्या तिच्या डोळ्यांत खुपायच्या, कारण त्यांची घडी होत नव्हती. नंदाखाल गावातलं आमचं घर म्हणजे ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माळा, एवढाच पसारा. त्यातली ओटी सुकेळ्यांच्या, म्हणजे केळी सुकवायच्या दिवसांत माणसांची नसायचीच. सोललेली राजेळी केळी दिवसभर अंगणात बांबूच्या मांडवीवर उन्हं खायची आणि दिवेलागणीला ओटीवर मुक्कामाला यायची. आम्ही त्यांच्यामधून पाय उचलून चालायचो. त्या गोड, जडसर वासात मी लहानाची मोठी झाले, आणि अजून कुठे तो वास आला की माझा पाय आपोआप उचलला जातो.

तर अशा घरात मी एके दिवशी पाच फुटी पंखाचं विमान घेऊन आले. म्हणजे आख्खं विमान नव्हे, नुसता सांगाडा. बांबूच्या कामट्या, मध्ये भेंडाच्या फासळ्या, आणि वरून लावायला पतंगाचा कागद गुंडाळून काखेत. आईने आधी विमानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ओटीवरच्या केळ्यांकडे.

"हे बाहेर राहील," ती म्हणाली.

"आई, दव पडेल त्याच्यावर. कागद भिजला की संपलं."

"मग घडी घाल आणि माळ्यावर टाक."

"विमानाच्या पंखाची घडी कशी घालू?"

"ते तू बघ. कॉलेजात मी जाते का तू?"

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका पोरीने माइक पुढे करून विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला या क्षेत्राची प्रेरणा कुठून मिळाली?" तिला वाटलं असेल, मी आकाशात बघत उभी राहायचे वगैरे सांगेन. मी सांगितलं, आमच्या माळ्याचं तोंड दोन फूट रुंद होतं. तिला काही ते आवडलं नाही. पण खरं तेच आहे. जन्मभर मी ज्या कामाचा पगार घेतला, ते काम मला आधी आईने सांगितलं. आता मी नायगावला चौदाव्या मजल्यावर राहते. इथे पलंग भिंतीत जातो, जेवणाचं टेबल मिटून कपाटाला चिकटतं, कपडे वाळत घालायचा दांडासुद्धा दोरीने छताला जाऊन बसतो. आईला हे घर फार पसंत पडलं असतं.

विमान कशासाठी, ते सांगायला हवं. आमच्या कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला होता. दूर दक्षिणेत विमानं बनवण्याचा एक कारखाना होता, त्यांना आपल्या ड्रॉइंग ऑफिसात शिकाऊ मुलं हवी होती. राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांचं, आणि तीन वर्षांनी नोकरी. निवड करायला त्यांचा माणूस कॉलेजच्या मैदानावर येणार होता आणि येताना प्रत्येकाने स्वतः बनवलेलं, इंजिनाशिवाय उडणारं विमान आणायचं होतं. त्यात एक अट मेख मारल्यासारखी होती. पंख पाच फुटांहून कमी नको, पण सगळं विमान अडीच फुटांच्या पेटीत मावलं पाहिजे, आणि पेटीतून काढल्यापासून पाच मिनिटांत उडायला तयार झालं पाहिजे. सुटे भाग चालणार नाहीत, पंख मिटला पाहिजे. आमच्या फिजिक्सच्या सरांनी समजावलं, की बोटीवर ठेवायची विमानं असतात, तिथे जागा कमी म्हणून त्यांचे पंख मिटून ठेवतात. मी म्हटलं, म्हणजे बोटीवरही कुणाची तरी आई असणार.

कागदावर 'मुलगे' असं लिहिलेलं नव्हतं. विसरले असतील. मी त्याचा फायदा घेतला. ती जागा मला हवी होती, इतकी की जेवताना घास हातात राहायचा. वाडीत मला काही दुःख नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू? पण फर्स्ट इयर झालं की माझं लग्न ठरणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. कुणी तसं म्हणत नव्हतं एवढंच. आगाशीचं एक स्थळ दोनदा सुकेळी न्यायला म्हणून येऊन गेलं होतं, आणि सुकेळी त्यांच्या घरीसुद्धा होत होती.

बाबांना मी त्या कागदाबद्दल सांगितलं तेव्हा ते केळीच्या वाडीत पाटाचं पाणी वळवत होते. त्यांनी फावडं टेकलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं." बाबांचं 'बरं' म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. बघू या, असं. आमच्या घरची बोली वेगळी, ती मी इथे सरळ करून लिहिते आहे, नाहीतर माझ्याच नातवंडांना वाचता यायची नाही. पण ते 'बरं' दोन्ही भाषांत तेच आहे.

बाबा उंच, काटक, कमी बोलणारे. कंबरेला कोयता आणि खांद्यावर दोरीचे तुकडे, हा त्यांचा वेष. त्यांची गाठ गावात प्रसिद्ध होती. केळीला घड धरला की झाड त्या ओझ्याने कलतं, मग त्याला बांबूचा टेकू देऊन वर दोरीने बांधतात. ही गाठ कशी हवी? तर घडाच्या भाराने आवळत जाणारी, वादळातही न सुटणारी, पण घड उतरवताना एका हिसक्यात मोकळी होणारी, कारण एका हातात कोयता असतो, खांदा घडाखाली असतो, आणि गाठीसाठी उरतात फार तर दोन बोटं. म्हणून तिला वीतभर शेपूट सोडतात. शेपूट ओढलं की गाठ नाहीशी. आमच्याकडे पक्की गाठ मारणं हे गबाळेपणाचं लक्षण समजायचे, कारण पक्की गाठ कापावी लागते आणि दोरी वाया जाते. मी पाच-सहा वर्षांची असताना बाहुलीच्या लुगड्याला पक्की गाठ मारली म्हणून आत्या मला चारचौघांत हसली होती. बाबांनी बांधलेला टेकू सुटून केळ पडली, असं गावात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्याकडेच बघितलं असतं.

आता पंखाचं. पहिल्यांदा मी सगळ्यात सोपं केलं. पंख मध्ये कापला, बिजागरी लावली आणि वर उचलला. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखे दोन्ही पंख विमानाच्या डोक्यावर उभे राहिले. माळ्याच्या तोंडातून विमान गेलं, पण आत उभं राहीना, आडवं टाकलं तर कागद फाटे. पेटीची उंची तर त्याहून कमी. मग पंख मागे वळवून अंगाला लावायचा प्रयत्न केला, म्हणजे दाराच्या फळीसारखा. पंख मागे यायचा खरा, पण आडवाच राहायचा, आणि दोन्ही बाजूंचे पंख शेपटीवर एकमेकांना भिडायचे. मला हवं होतं ते असं, की पंख मागे येता येता उभा व्हावा आणि अंगाला चिकटून बसावा. आठ दिवस मी बिजागऱ्या फिरवून फिरवून लावल्या. इनासकाका म्हणून आमचे शेजारी होते, सुतारकाम करायचे. त्यांच्याकडे जुन्या डब्या-पेट्यांच्या बारीक पितळी बिजागऱ्यांचा साठा होता. ते दर वेळी एक जोडी द्यायचे आणि विचारायचे, "कुंदे, विमान उडेल का नाही ते सोड, पण दार लावता यायला लागलं का तुला?"

शेवटी उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात. आई कच्च्या केळ्यांची भाजी करायला बसली होती. मी त्यातलं एक केळं घेतलं, ते विमानाचं अंग. खराट्याचा एक हीर खुपसला, ती बिजागरीची सळई. दुसऱ्या हिराला केळीच्या पानाची पट्टी टोचून तो पहिल्याला अडकवला, तो पंख. सळई सरळ उभी खुपसली की पंख आडवाच फिरे. आडवी खुपसली की वर जाई. मग मी ती तिरकी खुपसली, अंगाबाहेर कललेली आणि मागेही कललेली. पंख फिरवला तर पट्टी फिरता फिरता गिरकी घेऊन उभी झाली आणि केळ्याच्या कुशीला येऊन टेकली. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. एकूण सहा केळी भोसकली तेव्हा नेमका कोन हाती लागला. आईने एकदाच वर बघितलं आणि म्हणाली, "भाजीची केळी आहेत ती." त्या दिवशी भाजीत खराट्याची भोकं होती आणि बाबांनी काही न विचारता ती खाल्ली.

इतकी वर्षं मी मोठ्या विमानांच्या बिजागऱ्यांची ड्रॉइंगं काढली. ज्या सळईला टनाचा भार पेलायचा असतो तिलाही कोन तोच विचारावा लागतो, कुठून कुठे कलायचं. त्या सहा केळ्यांएवढा आनंद मला पुढे कशानेच झाला नाही, हे मी लिहून ठेवते.

पंख मिटायची युक्ती सापडली, आता राहिलं पंख न मिटण्याचं. उघडलेला पंख हवेत उघडाच राहिला पाहिजे, हा तर खरा प्रश्न. मी बिजागरीच्या पुढे दोन भोकं पाडली, त्यात बांबूची खुंटी घातली आणि खुंटी निसटू नये म्हणून तिला सुती दोरी गुंडाळून गाठ मारली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सुकत घातलेल्या बोंबलांपासून लांब, ओहोटीच्या कडक वाळूत आम्ही विमान उडवून बघितलं. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. विमान धरायला एक माणूस लागतो आणि दोरा ओढत पळायला दुसरा, पतंगासारखंच. बाबा डोक्याच्या वर हात करून विमान धरायचे, मी पळायचे, दोरा ताणला की ते सोडायचे. विमान वर चढायचं, दोऱ्याची कडी आपोआप निसटायची, आणि मग ते एकटं, आवाज न करता, होड्यांवरून लांबलचक वळण घेऊन खाली यायचं. पहिल्यांदा ते तसं फिरलं तेव्हा बाबांनी हात खाली घेतलेच नाहीत. तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बरं." पण हे 'बरं' वेगळं होतं.

मी गाठ पक्की मारत होते, आणि दर वेळी विमान मिटताना ब्लेडने कापत होते. बाबांना ते बघवेना. "दर खेपेला दोरी कापतेस?" त्यांनी एकदा विचारलं. "चार बोटांचं काम, आणि नासाडी किती." मी म्हटलं, "राहू दे हो बाबा, दोरीला काय कमी आहे आपल्याकडे." त्यांनी मान हलवली. विषय संपला असं मला वाटलं.

निवडीच्या दिवशी आईने तांदळाची भाकरी आणि खोबऱ्याची चटणी बांधून दिली, बाबांनी कडक धोतर नेसून पेटी खांद्यावर घेतली, आणि आम्ही एस.टी.ने कॉलेजवर गेलो. मैदानावर वीस-बावीस मुलगे होते. मुलगी मी एकटी. निवड करणारे साहेब चाळिशीचे, गोरेपान, उन्हाने लाल झालेले. मराठी होते पण बरीच वर्षं बाहेर राहिलेले, एकेक शब्द आठवून बोलायचे. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली, यादीत नाव तपासलं आणि म्हणाले, "पेटी ठेवा. पाच मिनिटं. सुरू."

पेटी उघडली, विमान काढलं. डावा पंख उघडला, खुंटी घातली, दोरी गुंडाळली, गाठ. पहिली गाठ सैल राहिली, दुसऱ्यांदा मारावी लागली. अजून उजवा पंख राहिला होता, दोऱ्याचं रीळ सोडवायचं होतं, शेपटीचा पडदा उघडायचा होता. बाबा वाकले आणि म्हणाले, "इकडची मी बघतो. तू दोरा घे." मी त्यांना उजवी खुंटी दिली आणि रिळाकडे धावले. मागे वळून मी बघितलं ते मला स्वच्छ आठवतं. बाबांनी दोरी गुंडाळली, बोटांची ती सवयीची गिरकी घेतली आणि गाठ आवळली. तिला वीतभर शेपूट होतं. मी ते बघितलं. बघूनही मला काही वाटलं नाही, कारण तशी शेपटं मी जन्मापासून बघत आले होते.

विमान सुरेख चढलं. कडी निसटली. मैदानाच्या त्या टोकाला त्याने अर्धं वळण घेतलं आणि मला वाटलं, झालं. टेकूच्या गाठीवर घडाचा भार असतो, म्हणून ती धरून ठेवते. इथे भार नव्हताच. इथे होता नुसता वारा, आणि वारा शेपटाला लोंबकळला होता. उजवा पंख आधी थरथरला, मग शहाण्यासारखा मागे वळला, उभा झाला आणि अंगाला चिकटून बसला. मी शिकवलं होतं अगदी तसा. एका पंखाचं विमान गरगरत खाली आलं आणि नाकावर पडलं.

साहेब चालत गेले, विमान उचलून घेऊन आले. पंख शाबूत होते, नाक चेपलं होतं. उजव्या बाजूला दोरी सुटून लोंबत होती. त्यांनी ती चिमटीत धरली आणि विचारलं, "ही गाठ कुणी मारली?"

मी एका क्षणात म्हणाले, "माझी नाही सर. ती बाबांनी मारली."

बाबा दहा पावलांवर होते. खांद्यावर भाकरीचं फडकं. सगळी मुलं त्यांच्याकडे वळली. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, आणि म्हणाले, "हो साहेब. मी मारली. वाडीत अशीच मारतात." कुणीतरी हसलं. ज्या माणसाच्या गाठीवर उभ्या गावाची केळ उभी होती, त्याला मी वीस परक्या पोरांसमोर उभं केलं आणि त्यांना हसू दिलं. का? तर जागा जाईल म्हणून. मी घाबरले होते हे खरं, पण घाबरलेली माणसं गप्पही बसू शकतात. मला लाज वाटली, आणि पन्नास वर्षं झाली तरी ती काही कमी झालेली नाही.

साहेब हसले नाहीत. त्यांनी बाबांना जवळ बोलावलं, दोरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पुन्हा मारून दाखवा." बाबांनी मारली. साहेबांनी पंखाकडून जोर लावून बघितला, गाठ हलेना. शेपूट ओढलं, गाठ गायब. "फार चांगली गाठ आहे," ते म्हणाले, "फक्त जागा चुकली." मग माझ्याकडे वळले. "आणि तू. गाठ कुणाची हे मी उगाच विचारलं. तू विमान करून देशील, त्याचा पंख रोज वेगळा माणूस उघडेल. एखाद्याला झोप आली असेल, एखादा घाईत असेल. तुझ्या कुलपाला चांगली गाठ मारणारा माणूस लागत असेल, तर ते कुलूपच नाही. चूक तुझी आहे. परवा आम्ही इथेच आहोत. चार वाजेपर्यंत ये."

हे मी पुढे माझ्या शब्दांत, माझं म्हणून वापरलं. हाताखालच्या पोरांना सांगायचे, कुणी बांधलं ते विचारू नका, बांधावं का लागलं ते विचारा. पोरं वहीत लिहून घ्यायची. मला हे कुठे आणि कुणाच्या जिवावर शिकायला मिळालं, ते मी कधी कुणाला सांगितलं नाही.

घरी आलो तर आईने तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली. परवा पुन्हा बोलावलंय." आईने केळफुलाची भाजी वाढली, माझी आवडती, आणि माझ्या पानाकडे दोनदा बघितलं. मी जेवले. भाजी संपवली. ते मी आता सांगते, कारण तेव्हा भूक लागली होती ही गोष्टसुद्धा मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबा उजाडताच वाडीत गेले. इंजिनाची फटफट सुरू झाली, पाटाला पाणी आलं, चर्चची घंटा झाली, आणि मी अंगणात मांडवीच्या सावलीत कामट्या तासत बसले. खुंटी काढून टाकली. तिच्या जागी बांबूची पातळ पट्टी बसवली, कपड्यांच्या चिमट्यासारखी दाबून राहणारी, टोकाला एक दात. पंख उघडत आणला की दात पट्टीसकट उचलला जायचा आणि पंख पुरा उघडला की समोरच्या खाचेत पडायचा. टक्. वारा पंख मागे लोटायला लागला की दात खाचेत आणखी रुतायचा. मिटायचा असेल तेव्हा अंगठ्याने पट्टी दाबायची. ना दोरी, ना गाठ, ना कुणाचा भरवसा. दुपारी बाबा जेवायला आले तेव्हा मी विमान त्यांच्यासमोर धरलं आणि म्हटलं, "बाबा, हे बघा ना. उघडून बघा तुम्ही."

ते हात धूत होते. हात पुसले, पण पुढे केले नाहीत. "तू बघितलंस ना?" ते म्हणाले. "मग झालं."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. मी आईकडे बघितलं, तिने भाकरी उलटली.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. पेटी बाबांनीच उचलली, एस.टी.त मला खिडकीची जागा दिली, मैदानावर पेटी खाली ठेवली आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. मी पंख उघडले, दोन वेळा टक् आवाज झाला, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. साहेब म्हणाले, "धरणार कोण?" मी बाबांकडे बघितलं. "बाबा, धरा ना. अर्नाळ्याला धरायचात तसं."

"नको," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सांग."

मग कॉलेजच्या शिपायाने विमान धरलं. मी पळाले. विमान चढलं, सुटलं, आणि मैदानाला तीन पूर्ण फेऱ्या घालून गवतावर हलकेच टेकलं. पंख होते तसे पसरलेले. साहेबांनी ते स्वतः उचललं, अंगठ्याने पट्टी दाबून पंख मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. लहान मुलासारखा पाच-सहा वेळा त्यांनी तो खेळ केला आणि मग यादीत माझ्या नावापुढे खूण केली. मला आनंद झाला का? झाला तर. छाती फुटेल असा झाला. पण मी मागे वळून बघितलं आणि तो आनंद सांगायला ज्याच्याकडे धावायचं तो माणूस धोतराचा सोगा झटकत दुसरीकडे बघत होता.

साहेबांनी अर्ज पुढे केला. मी अठराचीसुद्धा नव्हते, पालकांची सही हवी होती. "मुलीला एवढ्या लांब पाठवाल ना?" त्यांनी विचारलं. बाबांना नाही म्हणता आलं असतं. आगाशीचं स्थळ होतं, आई होती, गाव होतं, कुणी त्यांना दोष दिला नसता. बाबांनी पेन घेतलं, कुठे करायची सही, असं विचारलं, आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश लिहिलं. "ती जाते म्हणाली ना," ते म्हणाले. "मग मी कशाला अडवू?"

एस.टी.च्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. चिंचेच्या सावलीत बाबांनी पेटी ठेवली, तिच्यावर मला बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले. गाडीला वेळ होता. मला माहीत होतं, घरी गेल्यावर आई असेल, शेजारी येतील, पेढे होतील, आणि मग हे कधीच बोलता येणार नाही. मी म्हटलं, "बाबा, परवा मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

ते रस्त्याकडे बघत होते. "खोटं कुठे बोललीस? गाठ माझीच होती."

"होती. पण..."

"मग झालं तर."

मला वाटलं, संपलं. वळणावर गाडीची धूळ दिसायला लागली तेव्हा त्यांनी वाकून पेटी उचलली, खांद्यावर नीट बसवली, आणि माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाले,

"खोटं बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं, एवढंच."

मग त्यांनी गाडीला हात केला.